गाडीचे पाणी



आज आपण गाडीच्या पाण्याविषयी बोलू.

एके काळी गावात मोटार आली की पोरे मागे धावत. आता तसे राहिले नाही. आपल्या खानदेशात रावेर-यावलची केळीची गावे घ्या, नाही तर धुळ्याकडची कापसाची गावे घ्या. कोणाच्या दारात जीप, कोणाच्या दारात पिकअप, कोणाच्या खळ्यात ट्रॅक्टर. पुष्कळांनी ही वाहने कर्ज काढून घेतली आहेत. हप्ते फिटायच्या आधी इंजिन बसले, तर त्याबरोबर घरही बसते.

इंजिन बसण्याचे एक मोठे कारण म्हणजे पाणी. पाणी कमी पडले, खराब झाले किंवा भलतेच भरले, की इंजिन तापते. हे पाणी घरच्या घरी बदलता येते. काम अवघड नाही. पण ते नीट समजून करावे लागते. घाई केली तर हात भाजतो. निष्काळजीपणा केला तर जीवही जातो. कसा, ते पुढे सांगतो.

इंजिनाला पाणी कशाला?

आपल्या घरी आंघोळीचा बंब असायचा. मधल्या नळीत विस्तव आणि भोवती पाणी. विस्तव असताना बंबात पाणी नसेल तर काय होते? बंबाचे डाक सुटतात, बंब फुटतो. इंजिनाचेही तसेच आहे. आत डिझेल किंवा पेट्रोल जळते. जळताना आतला वायू क्षणभर २००० अंशांच्या आसपास तापतो. लोखंड सुमारे १५०० अंशांना वितळते. मग इंजिन वितळत कसे नाही? कारण त्याच्या भिंतींत पोकळी ठेवलेली असते आणि तिच्यातून पाणी फिरत असते.

डिझेल जळून जी उष्णता निघते, तिच्यातला साधारण तिसरा हिस्सा गाडी ओढण्याच्या कामी येतो. एक हिस्सा धुराबरोबर बाहेर जातो. उरलेला बराचसा हिस्सा या पाण्याला वाहून न्यावा लागतो.

विहिरीवरचे ऑइल इंजिन तुम्ही पाहिले असेल. त्याला विहिरीचे थोडे पाणी नळीने दिलेले असायचे. ते पाणी इंजिनातून फिरून गरम होऊन बाहेर पडे आणि पाटाला जाऊन मिळे. बाया त्या गरम पाण्यावर धुणे धूत. पण मोटारीला विहीर बरोबर नेता येत नाही. म्हणून तिच्यात तेच ते पाणी पुन्हा पुन्हा फिरवतात. इंजिनात तापलेले पाणी पुढच्या जाळीत येते. या जाळीला रेडिएटर म्हणतात. तिथे त्याला वारा लागतो. पाणी निवते आणि परत इंजिनात जाते. ते फिरवायला एक छोटा पंप असतो आणि वारा घालायला पंखा असतो.

विहिरीचे पाणी का नको?

एका शेतकरी भावाने मला विचारले, "गुरुजी, गाडीले पानीच ते लागस. मंग ते इकत कसाले लेवानं?"

प्रश्न रास्त आहे. पूर्वी एस.टी.चे ड्रायव्हर घाटमाथ्यावर गाडी थांबवून डब्याने पाणी ओतत, हे आपण पाहिलेले आहे. मग आज कूलंट नावाचे रंगीत पाणी विकत कशाला घ्यायचे?

त्याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण क्षारांचे. घरातला पाणी तापवायचा हंडा आतून पाहा. कडेला पांढरा थर दिसेल. बोअरच्या पाण्यातले क्षार तापून तिथे बसतात. तसाच थर इंजिनाच्या पोकळीत आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. नळ्या बुजतात. पाणी फिरत नाही आणि इंजिन तापते.

दुसरे कारण गंजाचे. साध्या पाण्याने इंजिनाचे बीड गंजते, पंप खराब होतो. कूलंटमध्ये गंज रोखणारी औषधे असतात. ती दोन-चार वर्षांत संपत येतात. म्हणून कूलंट कमी झाले नसले तरी बदलावे लागते.

तिसरे कारण उकळण्याचे. साधे पाणी १०० अंशांना उकळते. निम्मे पाणी आणि निम्मे कूलंट असे मिश्रण १०७ अंशांच्या आसपास उकळते. शिवाय रेडिएटरचे झाकण आतला दाब धरून ठेवते, त्यामुळे ते आणखी उशिरा उकळते. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा उन्हात भरलेली गाडी घाट चढते, तेव्हा हे थोडे अंशही मोलाचे ठरतात.

काश्मीर-लडाखकडे कूलंटचे चौथे काम असते. तिथे साधे पाणी इंजिनात गोठते, फुगते आणि इंजिन फोडते. आपल्याला ती भीती नाही. पण थंड मुलखासाठीच कूलंट असते, हा समज चुकीचा आहे. ते आपल्या उन्हालाही हवे.

आता कोणी म्हणेल, निम्मे कशाला, सगळेच कूलंट भरू. तसे करू नका. उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस आहे. नुसते कूलंट भरले तर इंजिन जास्त तापेल. औषध जास्त घेतल्याने गुण जास्त येत नाही.

आधी तयारी

गाडीबरोबर एक पुस्तक मिळते. ते कपाटात पडलेले असते. ते बाहेर काढा. त्यात तीन गोष्टी शोधा. कोणत्या जातीचे कूलंट घालायचे? किती लिटर मावते? किती दिवसांनी किंवा किती किलोमीटरनंतर बदलायचे? काही कूलंट दोन वर्षे चालते, काही पाच वर्षे. पुस्तक सांगेल ते खरे. पुस्तक इंग्रजीत असेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीला किंवा मुलाला शेजारी बसवा.

नुसत्या रंगावर जाऊ नका. कूलंट हिरवे, गुलाबी, निळे अशा अनेक रंगांत येते. दोन कंपन्यांचा हिरवा रंग म्हणजे एकच माल नव्हे. दोन जातींची कूलंट एकमेकांत मिसळू नका. कधी कधी त्यांचा गाळ होतो.

दुकानात डबा घेताना वरची अक्षरे वाचा. एक डबा तयार मिश्रणाचा असतो. त्यात पाणी घालायचे नसते. दुसरा डबा घट्ट कूलंटचा असतो. त्यात पाणी मिसळावे लागते. ते पाणी डिस्टिल्ड, म्हणजे वाफ धरून निववलेले असावे. लोक त्याला बॅटरीचे पाणी म्हणतात. बॅटरीचे ॲसिड मात्र वेगळे. डबा उचलताना गफलत होऊ देऊ नका.

आणखी काय लागेल? एक मोठे घमेले. घट्ट झाकणाचे तीन-चार मोठे डबे. नरसाळे. पाना, पक्कड. हातमोजे. जाड फडके. थोडी वाळू किंवा राख.

वेळ सकाळची निवडा. रात्रभर उभी असलेली गाडी पार गार झालेली असते. सपाट जागी ती लावा. हँडब्रेक ओढा. चाकांना दगडाची उटी लावा. किल्ली काढून खिशात ठेवा, कारण काही गाड्यांचा विजेचा पंखा आपोआप सुरू होतो. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. पदर, उपरणे, सैल बाही आवरून घ्या. लहान मुलांना घरात पाठवा. कुत्रे, शेळ्या, वासरे दूर बांधा.

जुने पाणी काढणे

पहिला नियम पाठ करा. गरम इंजिनाचे झाकण उघडायचे नाही. आतले पाणी १०० अंशांच्या वर तापूनही दाबामुळे गप्प बसलेले असते. झाकण सैल झाले की दाब सुटतो. ते एकदम उकळून तोंडावर, छातीवर उडते. माणूस जन्माचा विद्रूप होतो, डोळेही जातात. म्हणून वरचा पाइप हाताने पाहा. तो पूर्ण गार लागला तरच पुढे जा. मग झाकणावर जाड फडके ठेवा, तोंड बाजूला करा आणि झाकण हळूहळू फिरवा. फुस्स असा आवाज आला तर थांबा. आवाज बंद झाल्यावरच झाकण पूर्ण काढा.

आता रेडिएटरच्या खाली घमेले ठेवा. तळाशी एक लहान तोटी किंवा बूच असते. ते सैल करा. तोटी नसेल तर खालच्या जाड पाइपची क्लिप सैल करून पाइप सरकवा. पाणी घमेल्यात पडेल. बाजूची प्लास्टिकची बाटलीही रिकामी करा.

पडलेल्या पाण्याकडे नीट पाहा. ते स्वच्छ रंगीत असेल तर आत ठीक आहे. तांबूस गढूळ असेल तर आत गंज आहे. त्यावर तेलाचा तवंग असेल किंवा ते ताकासारखे पांढरट असेल, तर आत तेल आणि पाणी एक होत आहे. मग पुढे काही करू नका. गाडी सुरूही करू नका. मिस्त्रीला बोलवा.

सगळे पाइप दाबून पाहा. पाइप चिरलेला, फुगलेला किंवा कडक झालेला असेल तर तो आताच बदला. झाकणाचे रबर फाटले असेल तर नवे झाकण घ्या. झाकण दाब धरीत नसेल तर चांगले कूलंटही लवकर उकळते.

आतून धुणे

जुने पाणी स्वच्छ निघाले असेल आणि पुन्हा त्याच जातीचे तयार मिश्रण भरायचे असेल, तर धुण्याची गरज नाही. पाणी गढूळ असेल किंवा कूलंटची जात बदलायची असेल, तर धुवा.

बूच बंद करा. डिस्टिल्ड पाणी भरा. ते नसेल तर गाळलेले मऊ पाणी चालेल, पण शेवटचे धुणे डिस्टिल्ड पाण्यानेच करा. झाकण लावा. इंजिन सुरू करा. ते मोकळ्या हवेत सुरू करा, बंद खोलीत नव्हे, कारण तिथे धूर कोंडून माणूस गुदमरतो. गाडीत हीटर असेल तर तो गरमवर ठेवा. वरचा पाइप गरम झाला म्हणजे पाणी सगळीकडे फिरले असे समजा. मग इंजिन बंद करा. ते पूर्ण गार होऊ द्या. यासाठी काही तास लागतील. लागू द्या. मग पाणी काढा. स्वच्छ पाणी येईपर्यंत असे करा. हे धुण्याचे पाणीही डब्यांतच भरून ठेवायचे आहे, मोरीत सोडायचे नाही.

नवे पाणी भरणे

बूच आणि क्लिपा घट्ट करा. आता थोडे गणित. समजा, पुस्तकात लिहिले आहे की या गाडीत ८ लिटर मावते. निम्मे म्हणजे ४ लिटर. धुतल्यावर इंजिनाच्या कोपऱ्यांत थोडे पाणी राहिलेलेच असते. म्हणून आधी ४ लिटर घट्ट कूलंट ओता. मग राहिलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरा. म्हणजे निम्म्यास निम्मे हे माप चुकत नाही. तुमच्या गाडीत ६ लिटर मावत असेल तर ३ लिटर, १० मावत असेल तर ५.

हळूहळू ओता. भसकन ओतले तर आत हवा कोंडते. हवेचा फुगा जिथे अडकतो, तिथे पाणी पोहोचत नाही आणि इंजिन तेवढ्याच जागी तापते. काही गाड्यांना हवा काढायचा छोटा स्क्रू असतो. तो कुठे आहे आणि कधी उघडायचा, ते पुस्तकात पाहा.

भरून झाल्यावर झाकण लावून इंजिन सुरू करा. काट्यावर नजर ठेवा. दहा-पंधरा मिनिटांनी बंद करा. पूर्ण गार झाल्यावर पुन्हा पाहा. हवा निघाल्यामुळे पाणी थोडे खाली गेलेले असेल. तेवढे भरा. बाजूच्या बाटलीवर दोन रेघा असतात. पाणी त्या दोन रेघांच्या मध्ये हवे. खालच्या रेघेखाली ते गेले तर कमी, वरच्या रेघेवर गेले तर जास्त. पुढचे चार-पाच दिवस रोज सकाळी पाहा. पाणी कमी होत असेल किंवा गाडीखाली थेंब दिसत असतील, तर कुठे तरी गळती आहे.

घाटात गाडी तापली तर

चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना किंवा धुळ्याजवळ लळिंगच्या घाटात काटा वर चढला, तर काय कराल?

एसी चालू असेल तर तो बंद करा. गाडी कडेला सुरक्षित जागी घ्या. इंजिन बंद करा. मग तास-अर्धा तास स्वस्थ बसा. झाकणाला हात लावू नका. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका. तापलेल्या तव्यावर पाणी टाकले तर तो तडकतो, तसे इंजिनाचे हेडही तडकते. सगळे गार झाल्यावर झाकण हळू उघडा आणि पाणी भरा. अडचणीच्या वेळी साधे पिण्याचे पाणी भरून गाडी घरी किंवा गॅरेजमध्ये आणायला हरकत नाही. पण ते कायमचे ठेवू नका.

"थोडंच राहिलंय, रेटू या," असे म्हणून तापलेली गाडी हाकू नका. अर्ध्या तासाची घाई महिनाभराच्या कमाईला पडते.

गोड विष

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. म्हणून ती शेवटी ठेवली.

बहुतेक कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल नावाचा पदार्थ असतो. त्याला वास जवळजवळ नसतो. चवीला तो गोड असतो. रंग सरबतासारखा. आणि तो जहर आहे. चहाचा एक लहान कपभर ग्लायकॉल मोठ्या माणसाचा जीव घ्यायला पुरे होतो. लहान मुलाला एक-दोन घोटही घातक. अंगणात सांडलेले कुत्रे गोडीने चाटते आणि मरते. गोठ्यातल्या जनावरालाही ते तसेच मारते.

हे विष फसवे असते. पोटात गेल्यावर माणूस आधी दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो, उलट्या करतो. मग कधी कधी थोडा बरा वाटतो. घरचे म्हणतात, उतरलं. पण आत त्याचे दुसरे विष तयार होत असते. एक-दोन दिवसांत मूत्रपिंडे बंद पडतात. लघवी होत नाही. तोवर वेळ निघून गेलेली असते.

या विषाचे एक सख्खे भावंड आहे. त्याचे नाव डायएथिलीन ग्लायकॉल. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये हे भावंड मिसळलेले होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. २०२५ साली आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात, छिंदवाडा जिल्ह्यात, खोकल्याच्या औषधात तेच सापडले. वीसहून अधिक लेकरे गेली. तिथे विष औषधाच्या बाटलीत शिरले होते. आपल्या घरात ते आपण स्वतः आणणार आहोत. मग किती जपायला हवे?

कोणाच्या पोटात ते गेल्याचा नुसता संशय आला तरी थांबू नका. लिंबू, ताक, मिठाचे पाणी यांत वेळ घालवू नका. बळेच उलटी करवू नका. १०८ नंबरला फोन करा. रुग्णाला लगेच मोठ्या दवाखान्यात न्या. जळगावला आणि धुळ्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. कूलंटचा डबा बरोबर न्या आणि डॉक्टरांना दाखवा. वेळेवर पोहोचले तर यावर उपचार आहेत.

म्हणून जुने कूलंट आणि धुण्याचे पाणी गटारीत, शेतात, नाल्यात, विहिरीजवळ ओतू नका. गुरांच्या हाळाजवळ तर मुळीच नको. सांडले असेल तिथे वाळू किंवा राख टाका, ती गोळा करा आणि जागा भरपूर पाण्याने धुवा. घमेले, नरसाळे घासून ठेवा. त्यांचा स्वयंपाकघराशी पुन्हा संबंध नको. जुने पाणी झाकणाच्या डब्यांत भरून मोठ्या गॅरेजमध्ये किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नेऊन द्या. ते घेतात का, हे काम काढण्याआधीच विचारून ठेवा.

आणि एक गोष्ट कधीही करू नका. कूलंट पिण्याच्या पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरू नका. उन्हातून आलेले मूल बाटली पाहते आणि तोंडाला लावते. ते काही विचारायला थांबत नाही.

मंडळी, तुम्ही अक्षरे शिकलात. सही करता येऊ लागली, बसची पाटी वाचता येऊ लागली. आता त्या अक्षरांचा आणखी एक उपयोग सांगतो. काम संपले की कोळसा घ्या, खडू घ्या, रंग घ्या. कूलंटच्या प्रत्येक डब्यावर, नव्या आणि जुन्या, मोठ्या अक्षरांत दोनच अक्षरे लिहा: विष. घरात ज्यांना वाचता येत नाही, त्यांना ती वाचून दाखवा. मग तो डबा मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी, कुलपात ठेवा.